क्लॉक स्पीड, कार्यक्षमता आणि खरेदीचा मापदंड : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात डेस्कटॉप प्रोसेसरचा इतिहास

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या जडसंग्रह नोंदवहीकडे, म्हणजे कार्यालयात सर्रास डेडस्टॉक रजिस्टर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जाडजूड वहीकडे, इतिहासाचे साधन म्हणून सहसा कोणी पाहत नाही. बखरी, ताम्रपट, शिलालेख आणि दप्तरे यांच्या पंक्तीत तिला स्थान नाही. तथापि गेल्या चार दशकांत शिक्षणसंस्थांनी यंत्राकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, हे जाणून घ्यावयाचे असेल तर तिच्याइतका प्रांजळ साक्षीदार दुसरा सापडणार नाही. संगणकाची नोंद या वहीत साधारणतः एका ठरावीक साच्यात होते : प्रोसेसरचे नाव, त्याची गती, मेमरी, हार्ड डिस्क आणि किंमत. यांपैकी गतीचा आकडा दीर्घकाळ सर्वांत बोलका मानला गेला. दरपत्रके मागवताना तो लिहिला गेला, तुलनापत्रकात त्याला स्वतंत्र रकाना मिळाला आणि यंत्र जुने झाले की निर्लेखनाच्या प्रस्तावातही त्याचाच दाखला दिला गेला.

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे यंत्राला अनोळखी नाहीत. औंध संस्थानच्या अधिपतींनी देऊ केलेल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगरापासून पाण्याच्या पंपापर्यंत अनेक यंत्रे तेथून बाहेर पडली. कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात सहकारी साखर कारखान्यांची धुराडी उभी राहिली. या दोन्ही क्षेत्रांत यंत्राचे मोल ठरवण्याची पक्की रीत आहे. विहिरीवरील चार ध्रुवांची मोटर मिनिटाला सुमारे १४४० फेरे घेते. तीन अश्वशक्तीची मोटरही तेवढेच फेरे घेते आणि दहा अश्वशक्तीचीही. शेतकरी पंप निवडतो तो या फेऱ्यांवरून नव्हे, तर किती उंचीवर किती पाणी चढेल यावरून. साखर कारखान्याची ऐपतही गिरणीच्या रोलरच्या फेऱ्यांवर मोजली जात नाही. दिवसाला किती टन गाळप झाले आणि साखरेचा उतारा किती पडला, हे दोनच प्रश्न विचारले जातात. मग ज्या परिसराने यंत्राला असे कामाच्या तराजूत तोलले, त्याच परिसरात संगणक आला तेव्हा त्याचे मोल मात्र फेऱ्यांवरून का ठरवले गेले? प्रस्तुत लेखात डेस्कटॉप प्रोसेसरच्या क्लॉक स्पीडचा इतिहास या प्रश्नाच्या अनुरोधाने तपासला आहे.

स्पंदन आणि काम

प्रोसेसरमधील लक्षावधी ट्रान्झिस्टरांना एका तालात ठेवण्यासाठी एक नियमित विद्युत-स्पंदन पुरवावे लागते. हे स्पंदन सेकंदाला किती वेळा होते, तो आकडा म्हणजे क्लॉक स्पीड. सेकंदाला दहा लाख स्पंदने म्हणजे एक मेगाहर्ट्झ, शंभर कोटी स्पंदने म्हणजे एक गिगाहर्ट्झ. एका स्पंदनात किती काम उरकते, हे मात्र या आकड्यात कोठेही सांगितलेले नसते. ढोलाचा ठेका जलद आहे म्हणून पालखीने अधिक अंतर कापले, असे ठरत नाही. पाऊल केवढे पडते हेही पाहावे लागते.

१९८१ मध्ये आयबीएम कंपनीने आपला व्यक्तिगत संगणक बाजारात आणला, तेव्हा त्यातील इंटेल ८०८८ या प्रोसेसरची गती ४.७७ मेगाहर्ट्झ होती. हा विचित्र वाटणारा आकडा प्रोसेसरच्या कुवतीतून आलेलाच नव्हता. अमेरिकेतील रंगीत दूरचित्रवाणीच्या संकेताशी जुळणारा १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा स्फटिक स्वस्तात मिळत होता. त्याच्या वारंवारतेला तीनने भागून ४.७७ हा आकडा मिळवण्यात आला. म्हणजे डेस्कटॉपच्या इतिहासातील पहिला प्रसिद्ध वेग हा काटकसरीच्या हिशेबातून निघालेला भागाकार होता. शिवाय ८०८८ ला दोन संख्यांची साधी बेरीज करण्यासही अनेक स्पंदने लागत आणि गुणाकाराला तर शंभराहून अधिक.

तरीही त्या काळी क्लॉक स्पीडचा आकडा फसवा नव्हता, हे मान्य केले पाहिजे. एकाच रचनेचा ८०२८६ प्रोसेसर ८ मेगाहर्ट्झवर चालवला आणि १२ मेगाहर्ट्झवर चालवला, तर दुसरा खरोखरच त्या प्रमाणात अधिक काम करीत असे. रचना तीच असेल तर स्पंदन आणि काम यांचे प्रमाण बरेचसे कायम राहते. ग्राहकांना, विक्रेत्यांना आणि खरेदी समित्यांना लागलेली सवय या प्रामाणिक काळातील आहे. पुढे रचना बदलत गेल्या आणि सवय तशीच राहिली.

त्या काळातील एक गमतीदार अवशेष म्हणजे संगणकाच्या पेटीवरील टर्बो नावाचे बटण. जुने खेळ आणि आज्ञावल्या ४.७७ मेगाहर्ट्झचा ठेका गृहीत धरून लिहिलेल्या असल्याने नव्या यंत्रांवर त्या बेफाम धावत. त्यांना आवर घालण्यासाठी यंत्र मंद करण्याची सोय या बटणात होती. शेजारी दोन-तीन प्रकाशमान अंकांत मेगाहर्ट्झ झळकत. हे अंक कोणत्याही मोजमापातून येत नसत. पेटी जोडणारा कारागीर आतल्या छोट्या खुंट्या बदलून हवा तो आकडा लावू शके. नोंदवहीत उतरवला जाणारा आकडा कधी कधी अशा खुंट्यांवर अवलंबून असे, ही बाब इतिहासकाराने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

एकाच गतीचे दोन प्रोसेसर

१९८९ मध्ये आलेल्या इंटेल ८०४८६ मध्ये सुमारे बारा लाख ट्रान्झिस्टर होते. आठ किलोबाइटची कॅश त्यातच बसवलेली होती आणि अनेक साध्या आज्ञा एकेका स्पंदनात पूर्ण होत. १९९२ मध्ये त्याची ६६ मेगाहर्ट्झची आवृत्ती आली. तिचा अंतर्भाग ६६ मेगाहर्ट्झवर चाले, मात्र उर्वरित यंत्राशी तिचा व्यवहार ३३ मेगाहर्ट्झनेच होई. त्यानंतर २२ मार्च १९९३ रोजी पेंटियम जाहीर झाला. त्याच्या गती होत्या ६० आणि ६६ मेगाहर्ट्झ. केवळ आकड्यावरून पाहिले तर नव्या प्रोसेसरने जुन्यावर काहीच मात केली नव्हती. प्रत्यक्षात ३१ लाख ट्रान्झिस्टरांचा पेंटियम पूर्णांकांच्या गणितात त्याच गतीच्या ४८६ च्या सुमारे दुप्पट काम करीत होता. कारण त्यात आज्ञा पुढे सरकवणाऱ्या दोन समांतर वाटा होत्या आणि अनुकूल परिस्थितीत एका स्पंदनात दोन आज्ञा पूर्ण होत.

इतिहासात असे निर्भेळ प्रयोग क्वचितच हाती लागतात. क्लॉक स्पीड सारखी, काम दुप्पट. एवढा एक दाखला समोर असताना मेगाहर्ट्झच्या रकान्याविषयी शंका उत्पन्न व्हायला हवी होती. ती झाली नाही, कारण पेंटियम हे नावच इतके गाजले की फरक नावाच्या खात्यावर जमा झाला. पेंटियमच्या विकासाचे नेतृत्व करणाऱ्या विनोद धाम यांचा जन्म १९५० मध्ये पुण्यात, फाळणीनंतर रावळपिंडीहून आलेल्या कुटुंबात झाला. पेंटियमचे जनक हे बिरुद त्यांना लाभले. अर्थात एवढी गुंतागुंतीची वस्तू एका व्यक्तीची निर्मिती नसते, हे स्वतंत्रपणे सांगण्याची आवश्यकता नाही.

शास्त्रीय पातळीवर या प्रश्नाचे उत्तर तेव्हाच उपलब्ध होते. हेनेसी आणि पॅटरसन यांच्या १९९० मधील पाठ्यग्रंथाने अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना एक सूत्र शिकवले : कामाला लागणारा वेळ हा आज्ञांची संख्या, प्रत्येक आज्ञेला लागणारी सरासरी स्पंदने आणि एका स्पंदनाचा कालावधी यांचा गुणाकार असतो. क्लॉक स्पीड या तीन घटकांपैकी केवळ तिसऱ्याविषयी बोलते. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय यांसारख्या संस्था असलेल्या या परिसरात हे ज्ञान अपरिचित असण्याचे कारण नव्हते. वर्गात एक सूत्र आणि खरेदीच्या कागदावर दुसरे, असा हा दुभंग आहे.

या दुभंगाचे मूळ अज्ञानात शोधणे अन्यायाचे ठरेल. तुलनापत्रकाला असा आकडा हवा असतो, जो छापील आहे, निर्विवाद आहे आणि लेखापरीक्षकाला पडताळता येतो. सर्वांत कमी दराचे दरपत्रक स्वीकारावयाचे तर सर्व विक्रेत्यांनी एकच वस्तू देऊ केली आहे, हे सिद्ध व्हावे लागते. कार्यक्षमता कार्यक्रमागणिक बदलते : लेखासॉफ्टवेअरला एक प्रोसेसर चांगला, तर आलेखनाला दुसरा. असे बदलते उत्तर रकान्यात मावत नाही, मेगाहर्ट्झ मावतो. म्हणून तो टिकला.

गिगाहर्ट्झची शर्यत

२००० च्या मार्च महिन्यात एक गिगाहर्ट्झचा उंबरठा ओलांडला गेला. ६ मार्च रोजी एएमडी कंपनीने ॲथलॉन आणि दोनच दिवसांनी इंटेलने पेंटियम थ्री या गतीला जाहीर केला. घाईचे परिणामही लवकरच दिसले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंटेलला आपला १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम थ्री अस्थैर्यामुळे परत घ्यावा लागला. नोव्हेंबर २००० मध्ये पेंटियम फोर आला, १.४ आणि १.५ गिगाहर्ट्झचा.

पेंटियम फोरची रचना समजून घेणे उद्बोधक आहे. प्रोसेसर प्रत्येक आज्ञा अनेक टप्प्यांत पार पाडतो. टप्पे जितके लहान, तितके प्रत्येक टप्प्याला लागणारे स्पंदन आखूड, आणि साहजिकच क्लॉक स्पीडचा आकडा मोठा. पेंटियम थ्रीमध्ये सुमारे दहा टप्पे होते. पेंटियम फोरमध्ये ते वीस करण्यात आले. यातून आकडा झपाट्याने चढला. मात्र आज्ञावलीत पुढे कोणती वाट धरावी लागेल याचा प्रोसेसर आगाऊ अंदाज बांधतो, आणि तो चुकला की या लांबलचक रांगेतील अर्धवट काम टाकून द्यावे लागते. परिणामी सुरुवातीचा १.५ गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर काही कामांत एक गिगाहर्ट्झच्या पेंटियम थ्रीच्याही मागे पडला. ही रचना कामासाठी केली गेली की आकड्यासाठी, असा प्रश्न त्या वेळीही विचारला गेला. आकड्याने यंत्राचे वर्णन करण्याऐवजी यंत्रच आकड्याच्या मागे धावू लागले, असे या टप्प्याविषयी म्हणता येते.

प्रतिस्पर्धी एएमडीची अडचण वेगळी होती. तिचे प्रोसेसर कमी स्पंदनांत अधिक काम करीत, पण ग्राहक आकडा विचारत. ऑक्टोबर २००१ मध्ये तिने ॲथलॉन एक्सपी मालिकेला क्लॉक स्पीडऐवजी आदर्शांक दिले. १८००+ असे नाव असलेला प्रोसेसर प्रत्यक्षात १.५३ गिगाहर्ट्झवर चालत असे. खरेदी समितीसमोर असा प्रोसेसर आला की रकान्यात १८०० लिहावे की १५३३, हा पेच उभा राही. पुढे २००४ मध्ये खुद्द इंटेलनेही आपल्या डेस्कटॉप प्रोसेसरांना गतीऐवजी क्रमांक देण्यास सुरुवात केली. ज्या कंपनीने मेगाहर्ट्झला बाजारभाषा बनवले, तिनेच ती भाषा सोडली.

सातारा-सांगलीतील संगणकीकरणाचा मोठा विस्तार नेमका याच वर्षांत झाला, हा योगायोग महत्त्वाचा आहे. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाची केंद्रे तालुक्यांच्या गावांपर्यंत पोहोचली. दहाव्या पंचवार्षिक योजनेचा काळ २००२ ते २००७ असा होता. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या भेटीची तयारी करताना महाविद्यालये संगणकांची संख्या वाढवत होती. म्हणजे संस्थांनी यंत्रे मोठ्या संख्येने घेतली ती गतीच्या आकड्याचा बाजारभाव सर्वोच्च आणि त्याचा अर्थ सर्वांत क्षीण असताना.

उष्णतेची भिंत

या शर्यतीचा शेवट भौतिकशास्त्राने केला. प्रोसेसरमध्ये खर्च होणारी शक्ती विद्युतदाबाच्या वर्गाच्या आणि वारंवारतेच्या प्रमाणात वाढते. वारंवारता वाढवावयाची तर बहुधा दाबही वाढवावा लागतो आणि खर्च दोन्ही अंगांनी चढतो. रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये सहकाऱ्यांसह मांडलेल्या तत्त्वानुसार ट्रान्झिस्टर लहान होत गेला की त्याचा दाबही त्याच प्रमाणात उतरवता येतो, त्यामुळे तेवढ्याच क्षेत्रफळात उष्णता वाढत नाही. तीन दशके उद्योग या आश्वासनावर जगला. सन २००० नंतर ट्रान्झिस्टर इतके सूक्ष्म झाले की बंद अवस्थेतही त्यांतून प्रवाह झिरपू लागला आणि दाब आणखी उतरवणे अवघड झाले.

फेब्रुवारी २००४ मध्ये आलेल्या पेंटियम फोरच्या प्रेस्कॉट आवृत्तीत टप्प्यांची संख्या ३१ वर गेली. वर्षअखेरीस तिने ३.८ गिगाहर्ट्झ गाठले. या गतीला एक स्पंदन पूर्ण होईपर्यंत प्रकाशदेखील जेमतेम ८ सेंटीमीटर अंतर कापतो, हे ध्यानात घेतले म्हणजे मर्यादेची कल्पना येते. उष्णतेचा अंक ११५ वॉटवर पोहोचला होता. चार गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरची योजना ऑक्टोबर २००४ मध्ये रद्द झाली. त्याच महिन्यात एका परिषदेच्या व्यासपीठावर इंटेलचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी त्याबद्दल गुडघे टेकून क्षमा मागितली.

११५ वॉट हा आकडा या परिसरात वेगळ्या अर्थाने वाचावा लागतो. तीस यंत्रांच्या प्रयोगशाळेत असे प्रोसेसर पूर्ण भाराने चालले तर केवळ प्रोसेसरांचीच मागणी ३४५० वॉट होते. पडदे, पंखे आणि वातानुकूलन वेगळे. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने भारनियमनाचे दीर्घ तास सोसले. पाटण तालुक्यात धरण असलेला १९६० मेगावॉटचा कोयना प्रकल्प ज्या सातारा जिल्ह्याच्या कुशीत आहे, त्या जिल्ह्यातील प्रयोगशाळाही बॅटरीच्या आधारावर तासिका पूर्ण करीत. यूपीएसची बॅटरी किती मिनिटे टिकेल हे प्रोसेसरच्या वॉटवर ठरत होते, आणि तुलनापत्रकात वॉटचा रकाना नव्हता.

जुलै २००६ मध्ये इंटेलने कोअर टू ड्युओ आणला. त्याच्या प्रारंभीच्या आवृत्त्या १.८६ ते २.९३ गिगाहर्ट्झच्या होत्या. बहुतेकांचा उष्णतांक ६५ वॉट आणि टप्पे चौदा. कागदावर तो ३.८ गिगाहर्ट्झच्या पूर्वजापेक्षा मंद होता, परंतु कामात त्याने पूर्वजाला सहज मागे टाकले. गतीचा आकडा उतरला आणि कार्यक्षमता चढली, ही घटना पहिल्यांदाच इतक्या ठळकपणे सर्वसामान्य ग्राहकापुढे आली.

पुण्याने आधीच धरलेली वाट

कोअर टू ड्युओत दोन कोअर होते. एकाच प्रोसेसरची गती वाढवण्याऐवजी अनेक प्रोसेसरांनी काम वाटून घ्यावे, ही कल्पना डेस्कटॉपवर २००५ नंतर रुळली. महाराष्ट्रात मात्र ती त्याआधीच मूर्त झाली होती. अमेरिकेने प्रगत क्रे महासंगणक देण्यास नकार दिल्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक या संस्थेची स्थापना झाली. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. त्यात इन्मॉस कंपनीचे टी८०० ट्रान्सप्युटर वापरले होते. या प्रोसेसरांची गती काही दशक मेगाहर्ट्झच होती, पण ते परस्परांशी जोडता येतील अशा रीतीने घडवलेले होते. सर्वांत वेगवान प्रोसेसर मिळणार नाही हे स्पष्ट झाल्यावर मंद प्रोसेसरांची फौज उभारण्याचा हा मार्ग पत्करला गेला. तो नाइलाजातून आला हे खरे, परंतु पंधरा वर्षांनी साऱ्या डेस्कटॉप उद्योगाला वेगळ्या नाइलाजातून त्याच दिशेला यावे लागले. पुढे पुण्यातच टाटा समूहाच्या संशोधन प्रयोगशाळेत उभारलेला एका हा महासंगणक नोव्हेंबर २००७ च्या जागतिक यादीत चौथ्या स्थानावर आला. त्यात चौदा हजारांहून अधिक कोअर होते आणि प्रत्येकाची गती होती ३ गिगाहर्ट्झ, म्हणजे डेस्कटॉपने पाच वर्षांपूर्वीच गाठलेली.

फौजेच्या मार्गालाही मर्यादा आहे. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये ती दाखवून दिली. ऊस तोडायला कितीही टोळ्या लावल्या तरी कारखान्याच्या आवारात वजनकाटा एकच असेल, तर बैलगाड्यांची रांग काट्यापाशी तुंबणारच. एखाद्या कामाचा पाच टक्के भाग वाटून घेता येत नसेल, तर प्रोसेसर कितीही जोडले तरी ते काम वीसपटीपेक्षा अधिक वेगाने होऊ शकत नाही. दुसरी मर्यादा मेमरीची. तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला मुख्य मेमरीतून आकडा मागवायला दीडशे-दोनशे स्पंदने वाट पाहावी लागू शकते. गव्हाणीत ऊस नसेल तर गिरणी नुसतीच फिरते. रोलरचे फेरे मोजले तर ते पूर्ण भरतात, गाळप मात्र होत नाही. प्रोसेसरमधील कॅश ही या रिकाम्या फेऱ्यांवरची तोड आहे.

वारणेच्या काठी

कामाचा तराजू संगणकालाही लावला गेल्याचा एक उत्तम दाखला याच परिसराने दिला आहे. वारणा नदी सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहत सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते. तिच्या खोऱ्यातील, या दोन जिल्ह्यांतल्या सुमारे सत्तर गावांसाठी १९९८ मध्ये वारणा वायर्ड व्हिलेज प्रकल्प हाती घेण्यात आला. केंद्र शासन, राज्य शासन आणि वारणेचा सहकारी समूह यांचा तो संयुक्त उपक्रम होता. गावोगावी संगणक केंद्रे उभारून शेतकऱ्याला बाजारभाव, शेतीविषयक माहिती आणि शासकीय सेवा गावातच मिळाव्यात, असा व्यापक हेतू होता.

काही वर्षांनी बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियातील संशोधकांनी या केंद्रांचा अभ्यास केला. त्यांना आढळले की संगणकांचा मुख्य उपयोग साखर कारखान्याच्या व्यवहारापुरता होता : उसाचे वजन, खताची मागणी, बिलाची स्थिती. हे व्यवहार म्हणजे मूठभर आकड्यांची देवघेव. त्यासाठी गावोगावचे संगणक, त्यांची दुरुस्ती आणि विजेची अनिश्चितता हा सारा भार वाहिला जात होता. म्हणून वारणा अनवायर्ड या नावाने एक प्रयोग झाला. सात गावांत आठ महिने संगणकाच्या जागी साध्या मोबाइलवरील लघुसंदेश वापरण्यात आले. संगणकाच्या व्यवस्थेतील सर्व कामे लघुसंदेशांनी पार पाडली. नवी व्यवस्था जुनीपेक्षा स्वस्त आणि सोयीची ठरली, शेतकऱ्यांनाही ती अधिक पसंत पडली.

एका लघुसंदेशात रोमन लिपीतील १६० अक्षरे मावतात. तो पाठवणाऱ्या साध्या फोनचा प्रोसेसर तत्कालीन डेस्कटॉपच्या तुलनेत नगण्य होता. वारणेच्या प्रयोगाने मूळ प्रकल्पाला अपयशी ठरवले, असे म्हणणे घाईचे होईल. ऊस उत्पादकाच्या नोंदी संगणकावर आल्या नसत्या तर लघुसंदेशाने विचारण्याजोगे काही उरलेच नसते. परंतु यंत्राची निवड करण्यापूर्वी त्याच्याकडून प्रत्यक्ष कोणते काम घेतले जाते, हे गावात बसून मोजण्याची पद्धत येथे अवलंबली गेली, आणि तिचे उत्तर वेगवान प्रोसेसर हे नव्हते.

निर्लेखनाचे नवे कारण

अलीकडच्या डेस्कटॉप प्रोसेसरांवर एकच क्लॉक स्पीड सांगणेही शक्य राहिलेले नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या एएमडी रायझन ९ ९९५०एक्सची मूळ गती ४.३ आणि कमाल गती ५.७ गिगाहर्ट्झ आहे. उष्णता, भार आणि किती कोअर जागे आहेत यांनुसार गती क्षणाक्षणाला बदलते. इंटेलने मार्च २०२४ मध्ये १४९००केएस या प्रोसेसरवर ६.२ गिगाहर्ट्झचा आकडा छापला. त्याच वर्षी तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही प्रोसेसर अस्थिर होत असल्याचे उघड झाले. इंटेलने अवाजवी विद्युतदाब हे कारण मान्य करून सुधारणा पुरवल्या आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा ९ २८५केची कमाल गती ५.७ गिगाहर्ट्झ, म्हणजे आधीच्या १४९००केच्या ६ गिगाहर्ट्झपेक्षा कमी ठेवली गेली. नोव्हेंबर २०२४ मधील रायझन ७ ९८००एक्सथ्रीडीची कमाल गती तर ५.२ गिगाहर्ट्झच होती. पण ९६ मेगाबाइट तृतीयस्तरीय कॅशच्या बळावर त्याने खेळांच्या चाचण्यांत ६ गिगाहर्ट्झच्या स्पर्धकाला सर्वसाधारणपणे मागे टाकले. गव्हाण भरलेली ठेवण्याचा हा परिणाम.

नोंदवहीत मात्र जुन्या यंत्राचा निकाल आता तिसऱ्याच कसोटीवर लागतो. विंडोज ११ ही प्रणाली ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. तिच्यासाठी किमान गती केवळ एक गिगाहर्ट्झ पुरते. पण प्रोसेसर मान्यताप्राप्त यादीत असावा लागतो आणि यंत्रात सुरक्षाविषयक टीपीएम २.० घटक असावा लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी थोडे अपवाद वगळता आठव्या पिढीपासून सुरू होते. २०१७ मधील सातव्या पिढीचा कोअर आय७ ७७००के, ४.२ गिगाहर्ट्झ मूळ गतीचा, या यादीत नाही. १.१ गिगाहर्ट्झ मूळ गतीचा सेलेरॉन एन४०२० यादीत आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतर होणाऱ्या निर्लेखनाच्या प्रस्तावात यंत्र मंद झाले, असे कारण या आय७च्या बाबतीत लिहिता येत नाही. गतीच्या रकान्यातील आकडा तेथे आजही पहिल्या दिवसाइतकाच खरा आहे.